बर्फवाले आणि शेकवाले

रायगड जिल्ह्यात पाय मुरगळायचाच असेल तर तो घरात, दार लावून, एकट्यानं मुरगळावा. मैदानात मुरगळला की तो तुमचा राहत नाही, गावाचा होतो.

भाताची झोडणी आटोपून शेतं मोकळी झाली की पेण-वडखळपासून रोहा-कोलाडपर्यंत कबड्डीचा हंगाम सुरू होतो. कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ चषक असतो, चषकामागे एखादा भावी सरपंच असतो आणि त्या भावी सरपंचाचा जवळजवळ मैदानाच्याच मापाचा फ्लेक्स असतो. सामने प्रकाशझोतातले. पत्रिकेवर ‘सायंकाळी ठीक सहा वाजता’ छापलेलं असतं, पण आजी-माजी-भावी अशा सगळ्यांना शाल-श्रीफळ देऊन होईपर्यंत पहिल्या चढाईला साडेनऊ वाजतात. सहापासून अंग गरम करून बसलेले खेळाडू तोवर पुन्हा गार पडलेले असतात. दुखापतीची निम्मी तयारी सत्कार समारंभातच होते, हे माझं प्रामाणिक मत आहे.

मग रात्री उशिरा कधीतरी ते घडतं. चढाईवाला बोनसच्या रेषेवर पाय टाकतो, कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो, उरलेली साखळी वरून येऊन कोसळते आणि ढिगाऱ्याखालून ‘आई गंऽऽ’ ऐकू येतं. पंच शिट्टी वाजवतात. निवेदक माइकवरून सांगतो, “खेळाडूला दुखापत झालेली आहे, कृपया कुणीही मैदानात येऊ नये.” ज्यांना दुखापत दिसली नव्हती तेही मग मैदानात येतात.

गेल्या हंगामात ढिगाऱ्याखालचा तो आवाज आमच्या भाच्याचा होता. भाचा रोह्याचा, सामना पेण तालुक्यातला. आमच्या बहिणीच्या हिशेबानं सासरचा पाय माहेरी मुरगळला होता. प्रकरण पुढे चिघळलं ते का, हे कळायला एवढं पुरे.

भोवती जमलेल्या वैद्यकीय मंडळात जागच्या जागी फूट पडली. “बरफ आना रं कुनी!” असं एक जण ओरडला. “बरफ नको, गारठा धरंल, शेकायला पायजे,” असं दुसऱ्यानं त्याहून मोठ्यानं सांगितलं. तिसरा काहीच न बोलता खाली बसला आणि घोटा चोळायला लागला. प्रत्येक मैदानावर असा एक चोळणारा असतोच. त्याला माहिती सगळ्यात कमी असते आणि अंगठ्यात जोर सगळ्यात जास्त. आत बंध ताणलेला, बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या, त्यांतून रक्त झिरपतंय, आणि वरून हा सद्गृहस्थ ते आणखी पसरवतोय. चौथा म्हणाला, “उठवा त्याला. चालवा.”

या चौथ्याच्या बोलण्याला मात्र शास्त्राचा आधार निघाला. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांच्या लक्षात आलं की मुरगळलेल्या घोट्यांचे ढिगानं एक्स-रे काढले जातात आणि बहुतेकांत हाड शाबूत निघतं. तेव्हा १९९२ साली त्यांनी साधे नियम घालून दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखतं का? पावलावरच्या ठरावीक दोन जागी हाड दुखतं का? लागल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? हाड दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर एक्स-रेची घाई नाही. आमच्या मैदानावर ओटावाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण चार पावलं त्यांनीही चालवली. फरक इतकाच की ओटावावाले चार पावलांनंतर माणसाला घरी पाठवतात आणि आमच्यातल्या एकानं भाच्याला विचारलं, “मग? पुढची चढाई तूच टाकतोस ना?”

आयोजकांकडे ‘वैद्यकीय व्यवस्था’ होती. म्हणजे एक फवारा होता. टीव्हीवरची कबड्डी २०१४ साली सुरू झाल्यापासून हा फवारा खेड्यापाड्यांत पोचलेला आहे. फुस्स केलं की पडलेला खेळाडू उठून पळतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्यातला द्रव कातडीवर पडता पडता उडून जातो, जाताना कातडीतली उष्णता घेऊन जातो आणि जागा क्षणभर बधिर होते. बरं काही होत नाही, फक्त कळ थोडा वेळ समजेनाशी होते. हा फवाराही रिकामा निघाला, कारण उपउपांत्य फेरीपर्यंत पोरांनी तो एकमेकांच्या मानेवर मारून संपवला होता.

शेवटी बर्फ आला तो मासळीचा. पहाटेच्या बाजारासाठी एकाच्या टेम्पोत लादी होती, तिचा कोपरा फोडून आणला. त्या बर्फानं आधी कुठला बोंबील सांभाळला होता ते सांगायला कुणाची गरज नव्हती, मैदानाकडेची तीन मांजरं बाकी सगळं सोडून भाच्याच्या पायाशी येऊन बसली. बर्फ गुंडाळायला कापड हवं, तर सत्काराची उरलेली शाल हाताशी होती. इथे चूक झाली. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नसतो हे खरं, पण मध्ये पातळ, ओलं फडकं हवं. कोरडी, जाडजूड, कडेला जर असलेली शाल नव्हे. त्या शालीतून थंडावा घोट्यापर्यंत पोचेतो उपांत्य सामना संपला.

बर्फच का, फ्रिजमधलं गार पाणी का नाही, असं तिथे एका चौकस मुलानं विचारलं आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून इथे देतो. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापायला एक कॅलरी उष्णता लागते, तर एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी व्हायलाच ऐंशी कॅलरी लागतात. ही उष्णता तो सुजलेल्या पायातून ओढतो. म्हणून वितळता बर्फ कामाचा. डीप फ्रीजरमधून काढलेला, वाफाळणारा, हाताला चिकटणारा बर्फ कातडी जाळतो.

भाच्याला आम्ही रात्रीच घरी आणलं. आई जागीच होती.

आमची आई शेकवाली. तिच्या शेकशास्त्रात अंदाजपंचे काही नाही. छाती भरली की ओव्याची पुरचुंडी, कंबरेला विटेचा तुकडा, गुडघ्याला निर्गुडीचा पाला, पोटाला तव्यावर तापवलेलं फडकं, पायाच्या पोटऱ्यांना खडेमिठाची पुरचुंडी आणि एरंडाचं पान कुठेही. रबरी पिशवी तिच्या लेखी शहरी फॅशन आहे, तरी ती एक ठेवलेली आहे, कारण पाहुण्यांना वीट देणं बरं दिसत नाही. मुका मार असला तर शेकाआधी आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटी उगाळून लेप. हा लेप लागल्यावर पाय पिवळा, चादर पिवळी आणि घरातल्या सगळ्यांचे हात पिवळे होतात. दुखणं कमी होवो न होवो, घरात काहीतरी उपचार चालू आहे हे चार घरांना कळतं. आणि उसण भरली असेल तर पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याची लाथ पाठीत बसली की उसण जाते, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. गल्लीत एक पायाळू गृहस्थ आहेत. एरवी अत्यंत सौम्य. पण उसण भरलेला माणूस दारात दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते नुसत्या सेवाभावाचं वाटत नाही.

शेकाची ही परंपरा आईनं काढलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय पूर्ण घाम काढण्यावर आहे. अग्नीच्या मदतीनं घाम काढायचे तेरा प्रकार तिथे दिलेत आणि अग्नीशिवाय घाम काढायचे दहा. हे दहा वाचून मी चरकाचार्यांना मनोमन दंडवत घातला. व्यायाम, उबदार खोली, जाड पांघरूण, भूक, भरपूर मद्यपान, भीती, राग, पोटीस, झुंज आणि ऊन. चरकाचार्य कबड्डीच्या सामन्याला बसले नव्हते असं कोण म्हणेल? व्यायाम आणि झुंज मैदानात, राग पंचांवर, भीती बाहेरगावच्या संघाला, भूक सत्कार लांबल्यामुळे, पाचवा प्रकार मांडवामागे, आणि उबदार खोलीसाठी मे महिन्यातली दुपारची दिवा-रोहा गाडी. एका स्पर्धेत सात स्वेद फुकट मिळतात.

तर त्या रात्री आईनं वीट तापवायला ठेवली. मी म्हटलं, “अगं, ताजी सूज आहे, सकाळपर्यंत थांब.” ती म्हणाली, “तू हिशेबाची नोकरी करतोस ना? तेच कर.”

सकाळी रोह्याहून फोन आला. बहिणीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, हे बर्फवाले. धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शीतकरण विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. जगातल्या बहुतेक समस्या तापमान नियंत्रणात न ठेवल्यामुळे होतात असं त्यांचं मत आहे, आणि ते त्यांनी बहिणीच्या लग्नातही, जेवणाच्या पंगतीत, बासुंदीकडे बघून मांडलं होतं. बोलणं अत्यंत अदबीचं. अदब जितकी वाढते तितका मतभेद मोठा, हे व्याही-विहिणींत सगळ्यांनाच ठाऊक असतं.

“विहीणबाई, नमस्कार. काही शेक वगैरे दिलात का हो मुलाला?”

“थोडासाच. विटेचा.”

पलीकडे शांतता. नंतर, “हो का. विटेचा.”

“मऊ फडक्यात गुंडाळून दिला हो.”

“नाही, तसं काही नाही. आपलं सहज विचारलं. म्हणजे सुजेवर उष्णता दिली की रक्ताचा ओघ वाढतो, ओघ वाढला की सूज वाढते. आमच्या प्लँटमध्ये जरा कुठे तापमान चढलं की...”

“तुमच्या प्लँटात पाइप होते हो. हा पाय आहे.”

इथे मी फोन घेतला.

या भांडणात दोघांकडेही मुद्दा होता. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आईला मी ती वाचून दाखवली. ती म्हणाली, “बघ. देवानंच आतून शेक लावलाय. मी बाहेरून हातभार लावते.” व्याह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “बघा. आत आग लागलेली आहे आणि तुम्ही त्यावर वीट ठेवताय.” तीच चार लक्षणं, तोच सेल्सस.

निकाल द्यायचाच तर पहिल्या दोन-तीन दिवसांपुरता तो रोह्याच्या बाजूनं द्यावा लागतो. ताज्या सुजेवर शेक नको, चोळणं नको, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं नको. थंडाव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतूंतून कळेचा निरोप सावकाश जातो, दुखणं कमी होतं. एका वेळी पंधरा ते वीस मिनिटं, मग सुट्टी. वर आवळपट्टी आणि पाय उशीवर. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे त्यांनी बर्फाच्या आणि विटेच्या, दोन्हींच्या वाटेला विचारल्याशिवाय जाऊ नये, कारण भाजलं तरी आणि गोठलं तरी त्यांना उशिरा कळतं.

पण व्याही एवढ्या निकालावर थांबणारे नव्हते. भाच्याला त्यांनी गाडीत घालून रोह्याला नेलं आणि तक्ता बनवला. दर दोन तासांनी वीस मिनिटं, रात्री गजर लावून. बहिणीच्या फ्रीजमधून आइस्क्रीम, मटार, कोथिंबीर सगळं बाहेर पडलं आणि आत पाण्याच्या पिशव्या आल्या. तिसऱ्या रात्री भाच्यानं मला निरोप पाठवला, “मामा, पाय दुखत नाही. झोप येते.”

व्याह्यांचा आधार होता १९७८ सालचा. त्या वर्षी गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं आपल्या क्रीडावैद्यकावरच्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं अशी चतुःसूत्री दिली. ती जगभरच्या मैदानांवर, शाळांच्या प्रथमोपचार पेट्यांत आणि शेवटी धाटावपर्यंत पोचली. मी मात्र पुढचं वाचलं होतं. पस्तीस-छत्तीस वर्षांनी याच मर्किननं जाहीर केलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं व्हायला मदत होण्याऐवजी ते लांबू शकतं, कारण सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे. पेशी तिथे कामाला आलेल्या असतात आणि आपण रस्ता बंद करतो. दुखणं सोसवत नसेल तर सुरुवातीच्या तासांत दहा-दहा मिनिटं ठेवा, पुढे बर्फात अर्थ नाही, असं त्याचं नवं म्हणणं.

हे मी आईला सांगायला नको होतं. तिनं तडक रोह्याला फोन लावला.

“नमस्कार हो. तो तुमचा अमेरिकेतला डॉक्टर, त्यानं शब्द मागे घेतला म्हणे.”

व्याही काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण त्यानं वीट ठेवा असंही कुठे म्हटलेलं नाही, विहीणबाई.”

हेही खरं होतं. त्यातून २०१९ साली कॅनडातल्या दोन फिजिओथेरपिस्टांनी नवी यादी काढली. तीत सुरुवातीला जपणूक, पाय उंच, दाबपट्टी आणि लगेच सूज उतरवणारी औषधं टाळणं, नंतर हळूहळू भार टाकणं, व्यायाम, आणि चक्क आशावाद. आशावाद हा अधिकृत उपचार आहे! बर्फाचं नाव नाही, शेकाचं नाव नाही. दोन्ही उमेदवारांची अनामत जप्त. रोह्याला आणि पेणला एकाच दिवशी इतकं एकमत होऊन सुतक पडल्याचं मी प्रथमच पाहिलं.

म्हणून शेकाला काही जागाच नाही असं कुणी समजू नये. उलट पेण गावात फिरून पाहिलं तर खरी दुखणी शेकाचीच आहेत. आता पापड लाटणं हा खेळ नाही असं ज्याला वाटत असेल त्यानं उन्हाळ्यात पेणच्या एखाद्या घरात तासभर पोळपाटापाशी बसून दाखवावं. उडदाचं कुटलेलं घट्ट पीठ, लाटीवर लाटी, मनगट सतत मागे वळलेलं आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला येणारी ती बारीक, जीवघेणी ठणक. सचिन तेंडुलकर २००४ साली कोपरामुळे संघाबाहेर बसला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला ‘टेनिस एल्बो’ हा शब्द कळला आणि पेणमधल्या कित्येक बायकांना आपलं दुखणं एवढं मोठं आहे हे पहिल्यांदा कळलं. आमची एक काकू तर अजून सांगते, “मला आणि सचिनला एकदमच झालं.” त्याच्यावर लंडनला शस्त्रक्रिया झाली, काकूनं रबरी पिशवी ठेवली. काकू अजून लाटते आहे, तो निवृत्त झाला.

हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांत जा. तिथली माणसं आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतात, तेव्हा मान एका कोनात आणि श्वास रोखलेला. आषाढात हे काम रात्ररात्र चालतं. श्रावणात त्या माना वळत नाहीत, नमस्कार करायचा तर अख्खा माणूस वळतो. आणि दहीहंडी! तिला महाराष्ट्र सरकारनं २०२२ साली साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. त्याआधी चौथ्या थरावरून पडणं हा केवळ गाढवपणा होता. आता ती क्रीडा दुखापत आहे, तेव्हा पेणच्या हाडवैद्यांपासून रोह्याच्या फिजिओथेरपिस्टांपर्यंत सगळ्यांनी तिला त्या मानानं वागवावं.

अशा जुन्या, मुरलेल्या, आखडलेल्या दुखण्यांना बर्फ देणं म्हणजे थंडीनं काकडणाऱ्याला पंखा लावणं. तिथे ओला-कोरडा, कसलाही शेक चालतो. स्नायू सैलावतात, रक्ताचा ओघ वाढतो, आखडलेला सांधा हलायला तयार होतो. कामाआधी पंधरा मिनिटं शेक दिला तर उत्तमच. पिशवीत उकळतं पाणी भरायचं नाही, दोन तृतीयांशच भरायचं, बूच लावण्याआधी आतली हवा काढायची आणि पिशवीवर झोपायचं नाही. आईचं विटेबाबतचं धोरण याहून सोपं आहे. वीट आधी ती स्वतःच्या गालाला लावून बघते. तिचा गाल हे घरातलं एकमेव प्रमाणित उपकरण.

ज्यांना बर्फ की शेक हे ठरवता येत नाही ते बाम लावतात. बामाची गंमत अशी की तो दोन्ही पक्षांत असतो. आधी गार, मग गरम. मुळात तो तापवतही नाही आणि गारही करत नाही, पायाचं तापमान जिथल्या तिथे असतं. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर जाऊन बसतं आणि पुदिन्यातलं मेंथॉल थंडी ओळखणाऱ्यांवर. दोघेही खोटी वर्दी देतात आणि मेंदू फसतो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापूशियन यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. चैत्र-वैशाखात आगरी-कोळी मसाल्याच्या मिरच्या कांडून झाल्यावर ज्यांचे हात रात्रभर थंड पाण्याच्या परातीत असतात, त्या बायकांना निम्मं नोबेल द्यायला हरकत नव्हती. बाम लावून त्यावर गरम पिशवी मात्र कधी ठेवू नये, कातडी भाजते. काकाश्रींनी हा प्रयोग केलेला आहे. त्यांच्या कंबरेवर पिशवीचा नकाशा वर्षभर होता.

दोन्ही घरांत समेट झाला तो दोन बादल्यांमुळे. सूज ओसरल्यावर मी कॉन्ट्रास्ट बाथ नावाचा प्रकार सुचवला: तीन-चार मिनिटं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय, एक मिनिट गार पाण्यात, पुन्हा गरम. यानं चमत्कार होतो असं कुणी छातीठोक सांगत नाही, पण पायाला बरं वाटतं आणि इथे तर दोन कुटुंबांना बरं वाटण्याचा प्रश्न होता. भाचा पुन्हा पेणला आला. गरम बादलीची जबाबदारी आईकडे, गारेची व्हिडिओ कॉलवरून व्याह्यांकडे. “एक मिनिट झालं, काढा.” “अहो, तुमचं घड्याळ पुढे आहे.” “विहीणबाई, आता गार.” “गारच आहे, बोट बुडवून दाखवू का?” शेवटचा पाय कुठल्या बादलीतून काढायचा यावर मात्र तोडगा निघाला नाही. शेवटी उजवा पाय गरम आणि डावा गार असा ठराव झाला. डाव्या पायाला काहीच झालेलं नव्हतं, पण तो अल्पमतात होता.

त्यानंतर व्याह्यांनी मोठ्या मनानं स्वतःच उन्हेऱ्याला जायचं काढलं. पालीजवळचं उन्हेरे म्हणजे जमिनीतूनच गरम पाणी. तिथे विटेचा किंवा बादलीचा संबंध नाही, त्यामुळे कुणाच्या घराण्याचा कमीपणाही नाही. आम्ही पेणहून निघालो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे ज्यांना दुखापत नव्हती त्यांचीही वाकणफाट्यापर्यंत सोय झाली. आधी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन, मग कुंड. कुंडाच्या काठावर गंधकाचा वास आणि एका पायाचा अंगठा पाण्यात घालून ‘बापरे’ म्हणणारी माणसं. गुडघेवाले, कंबरवाले, एक खांदा वर न जाणारे गोलंदाज. प्रत्येकजण आधी आपलं दुखणं शेजाऱ्याला सांगतो, मग पाण्यात उतरतो. व्याही काठावर उभे होते. पाण्यात हात घालून त्यांनी अनुभवी माणसाच्या आवाजात सांगितलं, “जरा जास्तच आहे. कूलिंग टॉवर पाहिजे.” आणि मग धोतर सावरून गुडघ्यापर्यंत उतरले, ते चांगले अर्धा तास बाहेर आले नाहीत. आई माझ्याकडे बघून काही बोलली नाही. तिला बोलायची गरज नव्हती.

भाच्याचा पाय कशानं बरा झाला ते पेणमध्ये विचारलं तर वेगळं उत्तर मिळेल, रोह्यात वेगळं. रोह्यातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे त्याला दाखवलं तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सोबत गेली होती. तिनं घोटा दाबून, वळवून, नीट पाहिला. “बर्फ की शेक?” असा प्रश्न दोन बाजूंनी एकदमच आला.

“आजी, आजोबा, आता दोन्ही पुरे,” ती म्हणाली. “बंध सांधत आलाय. पण मुरगळलेला घोटा तोल विसरतो. त्याला तोल शिकवला नाही तर पुढच्या हंगामात हाच पाय पुन्हा मुरगळेल. रोज दात घासताना या एका पायावर उभं राहायचं. जमलं की डोळे मिटून.”

तेवढ्यासाठी तिनं फी घेतली, याचं व्याह्यांना वाईट वाटलं.

भाचा हल्ली आठवड्याला पेणला येतो तेव्हा सकाळी मोरीजवळ ब्रश तोंडात घालून एका पायावर उभा असतो. डोळे मिटलेले, हात पसरलेले, तोंडाला फेस. पहिल्यांदा आईनं ते पाहिलं आणि देवघराकडून बाहेर येता येता तिथेच थांबली.

“अगो बाई, हा कसली तपश्चर्या करतोय? देव प्रसन्न झाला तर काय मागणार आहेस रे?”

भाच्यानं ब्रश बाजूला काढला, पाय न टेकता.

“रविवारी चषक आहे, आजी. संध्याकाळी सहाला.”

“मग साडेनऊपर्यंत झोप काढून जा,” आई म्हणाली.